चार मिलिअँपिअरचं शून्य

पॅनेलच्या दारावर बसवलेला मल्टिफंक्शन मीटर समोरून जेमतेम तळहाताएवढा दिसतो. ९६ मिलिमीटरचा चौकोन, खाली चार बटणं, वर लुकलुकणारे आकडे. दार उघडून त्याची पाठ पाहिली की खरा पसारा कळतो. लाल, पिवळी, निळी अशा तीन फेजच्या व्होल्टेजच्या वायरी, सीटीकडून, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मरकडून, आलेल्या एस-वन आणि एस-टूच्या जोड्या, कॉम्प्युटरकडे जाणारी आरएस-४८५ची केबल. आणि खाली कोपऱ्यात एक हिरवं प्लगचं टर्मिनल, ज्यात बहुतेक वेळा काहीच जोडलेलं नसतं. मीटर घेताना दुकानदाराच्या कोटेशनमध्ये ‘अ‍ॅनालॉग इनपुट’ अशी एक ओळ असते, तिचे पैसेही मोजलेले असतात. पण पुढे त्या टर्मिनलचं काय करायचं हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही.

ज्या गोष्टी वीज नाहीत त्या विजेच्या मीटरला कळाव्यात, यासाठी ते टर्मिनल असतं. हवेचा दाब, पाण्याचा प्रवाह, तेलाचं तापमान, डिझेलच्या टाकीची पातळी. विजेच्या मीटरला या उठाठेवी कशाला, असं कोणालाही वाटेल. त्याचं उत्तर फौंड्रीत पटकन मिळतं. कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत असते तशी एक फौंड्री डोळ्यांपुढे आणा. भट्टी विजेवर चालते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मोल्डिंग मशीन, वाळू झटकणारे नोझल, हातातले ग्राइंडर हे सगळं दाबाखालच्या हवेवर चालतं आणि ती हवा करणारा कंप्रेसर पुन्हा विजेवरच. स्क्रू कंप्रेसर सात बार दाबाला दर मिनिटाला १०० घनफूट हवा, म्हणजे १०० सीएफएम, द्यायला साधारण १८ किलोवॉट खातो. समजा, मीटरने दिवसाअखेर कंप्रेसरची हजार युनिटं दाखवली. जास्त की कमी? मीटर काही बोलू शकत नाही. हवा किती दिली आणि किती दाबाने दिली, हे कळल्याशिवाय हजार या आकड्याला काही अर्थ नाही.

ऊर्जा व्यवस्थापनाचं जागतिक मानक, आयएसओ ५०००१, २०११ साली आलं आणि २०१८ साली सुधारून निघालं. त्यात कारखान्यांकडून मागितले जाणारे ‘कामगिरीचे निर्देशक’ बहुतेक वेळा असे भागाकारच असतात : टनामागे युनिटं, शंभर घनफुटांमागे किलोवॉट. वरचा आकडा मीटरकडे असतो आणि खालचा शिफ्ट इनचार्जच्या वहीत. वहीतली वेळ सकाळी सहाची असते, प्रत्यक्षात नोंद सव्वासातला झालेली असते. दोन्ही आकडे एकाच यंत्रात, एकाच घड्याळावर आले तर भागाकार तरी खरा येईल. त्या हिरव्या टर्मिनलची सगळी किंमत एवढ्यात आहे.

दाब मोजणारा ट्रान्समीटर हवेच्या पाइपवर बसतो आणि मोजलेला दाब करंटच्या भाषेत सांगतो. त्याची रेंज शून्य ते दहा बार असेल, तर शून्य बारला ४ मिलिअँपिअर, दहा बारला २० मिलिअँपिअर आणि मधलं सगळं सरळ रेषेत. एका बारला १.६ मिलिअँपिअर. सात बार म्हणजे ४ अधिक ११.२, एकूण १५.२. पाटीवर मांडता येईल असं गणित आहे. व्होल्टेज न पाठवता करंट पाठवण्याचं कारण सोपं आहे. लांब वायरीत व्होल्ट गळतात, पण एकाच वाटेने फिरणारा करंट सगळीकडे सारखाच राहतो. कंप्रेसर रूम पॅनेलपासून अर्धा किलोमीटर लांब असली तरी १५.२ निघाले की १५.२च पोचतात. शून्य ते दहा व्होल्टचा सिग्नल देणारी यंत्रंही असतात आणि एकाच पॅनेलच्या आत, हातभर अंतरावर, ती ठीकच चालतात. त्यापलीकडे मी तरी त्यांच्या वाटेला जाणार नाही.

पण सुरुवात शून्यापासून का नाही, चारपासून का? ही सवय विजेच्या सिग्नलच्याही आधीची आहे. इलेक्ट्रॉनिक उपकरणं येण्यापूर्वी रिफायनऱ्या आणि रसायनांच्या कारखान्यांत मापं बारीक नळीतल्या हवेने पाठवत. सगळ्यात कमी माप म्हणजे ३ पीएसआय, सगळ्यात जास्त म्हणजे १५ पीएसआय. नळीतला दाब शून्यावर आला की माप शून्य नसून नळी फुटली आहे, हे लगेच कळायचं. तीनला पंधरा आणि चारला वीस, प्रमाण एकच : एकास पाच. विजेचे सिग्नल आल्यावर काही काळ १० ते ५० मिलिअँपिअरची पद्धतही चालली, पण शेवटी चार-वीसच टिकली. १९८२ साली आयईसीने अ‍ॅनालॉग करंट सिग्नलचं मानक काढलं, तोवर ती जगभर रुळलेली होती. चारचा दुसरा फायदा जरा छुपा आहे. ज्या दोन वायरींवर ट्रान्समीटर माप पाठवतो त्याच वायरींवर त्याचं पोटही भरतं. माप शून्य असलं तरी जवळपास चार मिलिअँपिअर त्याच्या वाट्याला येतात आणि तेवढ्यावर आतलं सर्किट चालतं. म्हणून वेगळी सप्लायची वायर ओढावी लागत नाही.

आता मीटरची बाजू. सेटिंगच्या मेनूत अ‍ॅनालॉग इनपुटचं पान उघडलं की कंपनी कोणतीही असो, प्रश्न साधारण तेच असतात. सिग्नल कोणता : ०-२० की ४-२० मिलिअँपिअर, ०-५ की ०-१० व्होल्ट. सिग्नल तळाला असताना कोणता आकडा दाखवू, माथ्याला असताना कोणता. एकक काय, दशांश किती. काही मीटरमध्ये करंट की व्होल्टेज हे मेनूत ठरत नाही, आतल्या बारीक स्विचवर किंवा जंपरवर ठरतं. स्विच एकीकडे आणि मेनू दुसरीकडे असेल तर मीटर तक्रार न करता काहीतरी आकडा दाखवत राहतो.

‘तक्रार न करता’ हा या सगळ्या प्रकरणातला अवघड भाग आहे. टर्मिनलवर आलेला करंट दाबाचा की तापमानाचा, दहा बारच्या ट्रान्समीटरचा की सोळा बारच्या, हे मीटरला कळायला काहीच मार्ग नाही. मेनूत जे भरलं ते त्याला मान्य. सीटी रेशोचंही तसंच आहे. सीटी २००/५चा आणि मीटरमध्ये १००/५ भरलं, तर युनिटं निम्मी दिसतात आणि मीटरला त्याचं काही वाटत नाही. फरक इतकाच, की युनिटांची चूक महिन्याअखेरीस महावितरणच्या बिलाशी ताडून पकडता येते. हवेच्या दाबाचं बिल कोणी पाठवत नाही.

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात जास्त काळ लपून राहणारी चूक पहिल्याच प्रश्नाची. ट्रान्समीटर ४-२०चा आणि मीटर ०-२०वर ठेवलेला. पुष्कळ मीटर कारखान्यातून येताना ०-२०वरच येतात, तेव्हा ही चूक करायला काहीच करावं लागत नाही. काय होतं ते पाहा. दाब शून्य असताना ट्रान्समीटर ४ मिलिअँपिअर पाठवतो. मीटर म्हणतो, विसातले चार, म्हणजे दहातले दोन : २ बार. दाब दहा बार झाला की वीस मिलिअँपिअर येतात आणि मीटर अगदी बरोबर १० दाखवतो. तळाला चूक दोन बारची, माथ्याला चूक शून्य, मध्ये ती हळूहळू विरघळत जाते. वाण्याच्या तराजूला पासंग असावं आणि माल वाढेल तसं ते आपोआप कमी व्हावं, असा हा प्रकार. खऱ्या सात बारला मीटर दाखवतो ७.६.

७.६ हा आकडा त्रासदायक आहे, कारण तो पटतो. ७० दाखवला असता तर शिकाऊ पोऱ्यानेही ओरडून सांगितलं असतं. ७.६ बार हा कंप्रेसरचा रोजचा दाब असू शकतो. पाइपवरच्या गोल काट्याच्या गेजकडे कोणी पाहिलंच, तर पुढचा संवाद ठरलेला :

“अण्णा, गेज सातच दाखवतोय बघा.”

“गेज जुना झालाय. मीटर डिजिटल हाय.”

मग दाब जास्त आहे असं समजून कंप्रेसरचं सेटिंग खाली आणलं जातं. दाब एक बारने उतरवला की वीज ढोबळमानाने सहा-सात टक्के वाचते, हे मेंटेनन्समधल्या प्रत्येकाने कुठल्या तरी प्रशिक्षणात ऐकलेलं असतं. मीटरवर ७ दिसेपर्यंत खाली आणलं, म्हणजे खरा दाब ६.२५ झाला. मोल्डिंग मशीन दमल्यासारखी चालायला लागते, साचे नीट दबत नाहीत, आणि मोल्डिंगवाले कंप्रेसरवाल्यांच्या नावाने खडे फोडतात. कंप्रेसरवाले मीटरकडे बोट दाखवतात. मीटरवर सात आहे ना?

अलार्मची गंमत आणखी वाईट. समजा, दाब ५.५ बारच्या खाली गेला की घंटा वाजावी, असं मीटरमध्ये भरलं आहे. चुकीच्या सेटिंगवर मीटरचा ५.५ म्हणजे खरा दाब ४.४ बारच्या आसपास. तोवर मशीन कधीच थांबलेली असते. घंटा वाजते ती बातमी शिळी झाल्यावर. आता हीच चूक ट्रान्सफॉर्मरच्या तेलाच्या तापमानाला लावून पाहा. रेंज शून्य ते १५० अंश, अलार्म ८५ला. तेल खरं ६९ अंशांवर असतानाच मीटर ८५ दाखवेल, आणि उन्हाळ्याच्या दुपारी, लोड चांगला असताना, ६९ अंश काही फार नाहीत. एकाच चुकीने दाबाचा अलार्म बहिरा झाला आणि तापमानाचा अलार्म ऊठसूट ओरडायला लागला. ऊठसूट ओरडणाऱ्या अलार्मचं पुढे काय होतं, हे कोणत्याही कंट्रोल रूममध्ये जाऊन बझरवर चिकटवलेली टेप पाहिली की समजतं.

रेंज बदलण्याची चूक त्यामानाने उघडी असते. दहा बारचा ट्रान्समीटर बिघडला, स्टोअरमध्ये सोळा बारचा होता, रात्रपाळीत तोच बसवला. सात बारला तो ११ मिलिअँपिअर पाठवतो आणि जुन्या सेटिंगवरचा मीटर ४.४ बार दाखवतो. दाब अचानक एवढा पडलेला दिसला की कोणीतरी धावत येतंच. एककांचा घोळ या दोहोंच्या मधला. आपल्याकडच्या गेजवर अजून किलो प्रति चौरस सेंटिमीटर आणि पीएसआय असतात, ट्रान्समीटर बारचा असतो आणि बोलताना सगळेच नुसतं ‘सात किलो’ म्हणतात. एक बार म्हणजे १.०२ किलो, दोन टक्क्यांच्या या फरकावरून मी कोणाशी भांडणार नाही. पीएसआय आणि बारमध्ये मात्र साडेचौदा पट आहे.

प्रवाहाकडे वळलं की एक खरोखर फसवी जागा येते. हवेचा किंवा वाफेचा प्रवाह मोजायची जुनी आणि अजूनही सर्रास वापरली जाणारी रीत म्हणजे पाइपमध्ये भोक पाडलेली चकती, ऑरिफिस प्लेट, बसवायची आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतला फरक मोजायचा. हा फरक प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रवाह निम्मा झाला की दाबातला फरक निम्मा न होता एक चतुर्थांश होतो. तेव्हा प्रवाह काढायला कुठेतरी वर्गमूळ घ्यावं लागतं. ते ट्रान्समीटर घेऊ शकतो किंवा मीटर, अट एवढीच की एकानेच घ्यावं.

आकडे घालून पाहू. पूर्ण प्रवाह ६०० सीएफएम. आत्ता खरा प्रवाह ३०० आणि कंप्रेसर खातोय ५५ किलोवॉट. शंभर सीएफएममागे १८ आणि थोडं, म्हणजे यंत्र ठणठणीत आहे. वर्गमूळ कोणीच घेतलं नाही, तर दाबाचा फरक २५ टक्के, करंट ८ मिलिअँपिअर, आणि मीटर प्रवाह दाखवतो १५०. शंभर सीएफएममागे ३७ किलोवॉट! ऊर्जा लेखापरीक्षक आला तर पहिल्याच पानावर ‘कंप्रेसर बदला’ असं लिहून जाईल. नशीब असेल तर बदलण्याआधी कोणीतरी विचारेल.

दोघांनीही वर्गमूळ घेतलं तर? ट्रान्समीटर २५ टक्क्यांचे ५० करून १२ मिलिअँपिअर पाठवतो. मीटर त्या पन्नासांचं पुन्हा मूळ काढून ७०.७ टक्के म्हणतो. प्रवाह ४२४ सीएफएम, शंभरामागे १३ किलोवॉट. सात बारला असा कंप्रेसर बाजारात शोधून मिळणार नाही. पण या वेळी कोणी तपासायला येत नाही. मासिक बैठकीत आलेख दाखवला जातो, ऊर्जा बचतीच्या फलकावर आकडा लागतो. वाईट आकड्याची चौकशी होते, चांगल्या आकड्याची होत नाही. मापनाच्या धंद्यात या एका सवयीने जेवढं नुकसान केलं असेल तेवढं खराब वायरिंगनेही केलं नसेल.

वायरिंगबद्दल थोडंच. दोन वायरींच्या ट्रान्समीटरला २४ व्होल्टचा डीसी सप्लाय लागतो आणि सगळं एका माळेत येतं : सप्लायचं प्लस ट्रान्समीटरच्या प्लसला, ट्रान्समीटरचं मायनस मीटरच्या इनपुटच्या प्लसला, इनपुटचं मायनस सप्लायच्या मायनसला. ट्रान्समीटर मध्ये न घेता २४ व्होल्ट थेट इनपुटला लावले तर काय होईल? इनपुटच्या आत करंट मोजायला एक रेझिस्टर असतो. तो २५० ओहमचा धरला तर त्यातून २० ऐवजी ९६ मिलिअँपिअर जातील आणि पाव वॉट सोसणाऱ्या त्या चिमुकल्या रेझिस्टरला सव्वादोन वॉट सोसावे लागतील. जळका वास येतो आणि तो चॅनल कायमचा जातो. काही ट्रान्समीटर चार वायरींचे असतात, त्यांना सप्लाय वेगळा असतो आणि करंट ते स्वतःच ढकलतात. त्यांच्या माळेत आणखी एक सप्लाय घालायचा नसतो. जोडण्याआधी दोन्ही पुस्तिका उघडून आकृत्या शेजारी शेजारी ठेवाव्यात.

माळेत किती जणांना बसवायचं यालाही मर्यादा आहे. २० मिलिअँपिअरला २५० ओहमचा प्रत्येक रेझिस्टर ५ व्होल्ट घेतो. ट्रान्समीटरला स्वतःला, धरून चाला, किमान १२ व्होल्ट हवेत. उरले १२. त्यात मीटर बसतो, मीटरबरोबर कंप्रेसर रूममधला एक डिस्प्लेही बसतो. मग पीएलसीवाला येतो आणि त्याच माळेत आपलं कार्ड घालतो. तीन रेझिस्टरचे ७५० ओहम, अर्धा किलोमीटर लांबच्या दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचे जाऊन-येऊन आणखी १२. आता १२ व्होल्टांत १५.७ मिलिअँपिअरच्या वर करंट जाऊच शकत नाही. दाब सात बारपर्यंत सगळे आकडे चोख, आणि त्यानंतर पाइपमध्ये आठ बार असोत की नऊ, मीटर ७.३वर अडकलेला. ०-२०ची चूक तळाशी असते आणि माथ्याला दिसत नाही. ही माथ्याला असते आणि तळाशी दिसत नाही. रोजचा दाब सातच्या खाली असेल तर वर्षभर पत्ता लागणार नाही, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडेल त्या दिवशीही रेकॉर्डमध्ये शांतपणे ७.३ लिहिलेलं असेल.

केबल पीळ घातलेल्या जोडीची आणि शिल्डची घ्यावी, शिल्ड एकाच टोकाला अर्थ करावं, आणि मोटरच्या पॉवर केबलच्या ट्रेमधून ती नेऊ नये. व्हीएफडी ड्राइव्ह सुरू झाला की आकडा थरथरायला लागतो, ही तक्रार आली की आधी केबलची वाट तपासावी, मीटर नंतर. आणखी एक, ते माहितीपेक्षा जिवासाठी जास्त. हे हिरवं टर्मिनल २४ व्होल्टचं असलं तरी त्याच्या बोटभर वर ४१५ व्होल्ट आणि सीटीच्या वायरी असतात. चालू लोडवर सीटीची वायर सुटली तर तिच्या टोकांवर जीवघेणं व्होल्टेज तयार होतं. म्हणून शटडाउन घेतल्याशिवाय, निदान सीटी शॉर्ट केल्याशिवाय, पॅनेलच्या मागे हात घालायचा नाही. ‘फक्त छोटी वायर लावायचीय’ हे कारण चालत नाही.

वायर तुटण्याकडे परत येऊ, कारण चारचं शून्य मुळात त्यासाठीच आहे. वायर तुटली की करंट शून्य होतो. सेटिंग बरोबर असलेला मीटर हिशोब करून उणे २.५ बार दाखवतो. हवेच्या पाइपात उणे अडीच बार असूच शकत नाहीत, तेव्हा हा आकडाच बोंब ठोकतो. पण पुष्कळ मीटरमध्ये एक शहाणी सोय असते : तळाच्या खालचे आकडे दाखवू नका, शून्यच दाखवा. पडदा नीटनेटका दिसावा म्हणून लोक ती चालू करतात. आता तुटलेली वायर आणि बंद कंप्रेसर यांच्यात काही फरक उरला नाही. इतक्या वर्षांच्या शहाणपणावर बोळा फिरवायला मेनूतला एक ‘होय’ पुरतो. ही सोय बंद ठेवावी आणि जमल्यास ३.६ मिलिअँपिअरच्या खाली किंवा २१च्या वर ‘सिग्नल खराब’ असा वेगळा अलार्म लावावा. जर्मनीतल्या प्रक्रिया उद्योगांच्या ‘नामूर’ या संघटनेने घालून दिलेल्या हद्दी याच आहेत. ३.८ ते २०.५ हे माप, त्यापलीकडचा करंट ट्रान्समीटर मुद्दाम पाठवतो तो आपला बिघाड कळवण्यासाठी. पुढे मीटरने तो शून्य करून दाखवायचा असेल तर कळवून उपयोग काय?

दशांशांची हौसही आवरायला हवी. १२ बिटचा मीटर शून्य ते वीस मिलिअँपिअरचे ४०९६ तुकडे पाडतो. त्यातले चारच्या वरचे सव्वातीन हजार आपल्या कामाचे. दहा बारला ते वाटले तर एक तुकडा ०.००३ बारचा होतो. मीटरला इतकं बारीक दिसतं खरं, पण ट्रान्समीटरचीच अचूकता अर्धा टक्का असेल तर ०.०५ बार इकडेतिकडे आधीच गेले. ७.०३४ असं दाखवण्यात शेवटचे दोन आकडे निव्वळ शोभेचे आहेत. एक दशांश पुरे, दोन डोक्यावरून पाणी.

नोंदी कशा साठवायच्या हा प्रश्न मात्र शोभेचा नाही. मीटर युनिटं मोजताना एक क्षणही सोडत नाही, ती साठत जातात. अ‍ॅनालॉग आकडा साठत नाही, तो क्षणाचा असतो. दर १५ मिनिटांनी एकदा डोकावून नोंद करायला सांगितलं, तर मधल्या चौदा मिनिटांत काय झालं ते गेलं. लोड-अनलोडवर चालणाऱ्या कंप्रेसरचा दाब साडेसहा ते साडेसात असा सतत वरखाली होत असतो. डोकावलं तेव्हा कुठे होता हा निव्वळ योगायोग. म्हणून त्या पंधरा मिनिटांची सरासरी, किमान आणि कमाल अशा तिन्ही नोंदी ठेवाव्यात. मोल्डिंग मशीनचं दुखणं सरासरीत सापडत नाही, किमान आकड्यात सापडतं. प्रवाह तर दर आहे. ३०० सीएफएम सरासरीने १५ मिनिटं म्हणजे ४५०० घनफूट, हा गुणाकार कोणीतरी करायला हवा. काही मीटर स्वतः करतात, काही करत नाहीत, आणि युनिटांना घनफुटांनी भागायच्या ऐवजी चुकून सीएफएमनेच भागलेले अहवाल कागदावर छान दिसतात.

हे सगळं बरोबर झालं की नाही हे पाहायला दाब मोजावा लागत नाही. लूप कॅलिब्रेटर नावाचं हातात मावणारं यंत्र हवा तेवढा करंट पाठवतं. ट्रान्समीटरच्या जागी ते लावायचं आणि ४, ८, १२, १६, २० असे पाच टप्पे द्यायचे. मीटरवर ०, २.५, ५, ७.५, १० आलं पाहिजे. पाचही द्यायचे, कंटाळा करायचा नाही. फक्त वीस दिले तर ०-२०ची चूक दिसणार नाही, फक्त चार दिले तर माळेतली गर्दी दिसणार नाही, आणि दोन्ही टोकं दिली तरी वर्गमूळ दिसणार नाही, कारण शून्याचं मूळ शून्य आणि शंभर टक्क्यांचं शंभर टक्केच. ते फक्त मध्ये उघडं पडतं. मात्र ट्रान्समीटरचं स्वतःचं वर्गमूळ कॅलिब्रेटरला कळायचं नाही, त्याचं सेटिंग वेगळं उघडून बघावं लागतं. मग ट्रान्समीटर परत जोडायचा, त्याचा व्हॉल्व्ह बंद करून आतली हवा सोडायची आणि मीटर शून्यावर येतो का पाहायचं. त्यानंतर व्हॉल्व्ह उघडून त्या जुन्या काट्याच्या गेजशी ताडायचं. म्हातारा असला तरी त्याला मेनू नाही, त्यामुळे सेटिंगची चूक त्याच्याकडून होत नाही.

पाच टप्पे देताना एक माणूस ऑफिसातल्या कॉम्प्युटरसमोर बसवावा आणि फोनवर आकडे वाचायला सांगावेत. आकडा मीटरपासून पडद्यापर्यंत जाताना आणखी एकदा बदलतो. मॉडबसवर पुष्कळ मीटर पूर्णांकच पाठवतात, ७.०० बार हे ७०० म्हणून जातं आणि सॉफ्टवेअरने त्याला शंभराने भागायचं असतं. कधी मीटर कच्चे तुकडे पाठवतो आणि सगळं स्केलिंग सॉफ्टवेअरमध्ये करायचं असतं. मीटरवाल्याने एकदा केलं आणि सॉफ्टवेअरवाल्याने पुन्हा केलं, तर वर्गमूळाचीच कथा नव्याने घडते, फक्त इथे दोघांचे पगार वेगवेगळ्या कंपन्या देतात. टर्मिनलवर १२ मिलिअँपिअर असताना पडद्यावर ५.० बार दिसले, तर मधले सगळे एका सुरात आहेत.

झालेलं सेटिंग पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला एका कागदावर लावून ठेवावं : चॅनल, ट्रान्समीटरची रेंज आणि एकक, सिग्नल, वर्गमूळ कुठे घेतलं, तपासल्याची तारीख. रात्रपाळीत स्टोअरमधून सोळा बारचा ट्रान्समीटर निघेल तेव्हा बसवणारा हे सगळं वाचायला जाणार नाही, पण दार त्याला उघडावंच लागतं. आणि त्याच्या जॉब कार्डवर नव्या नेमप्लेटवरची रेंज लिहायला एक वेगळा रकाना छापून घ्यावा.